जुन्या हॅलोजन हेडलाइटमध्ये झेनॉन किट टाकावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २०११ ची हॅचबॅक, एच४ हॅलोजन बल्ब, आठवड्यातून एकदा रात्री रत्नागिरीहून आंबा घाटातून कोल्हापूर. पावसात रस्ता दिसत नाही. ॲक्सेसरीजचा दुकानदार म्हणतो, ५५ वॅट आणि ६००० केल्विनचं झेनॉन किट टाका, तिप्पट उजेड पडेल. मेहुण्याच्या गाडीला कंपनीतूनच झेनॉन आलेत आणि त्याच्या शेजारी बसून घाट उतरल्यापासून आपले दिवे कंदिलासारखे वाटतात. त्याच्या गाडीचा एक दिवा हल्ली गुलाबी दिसतो, त्याचंही कारण तुम्हाला हवंय.

बावीस वर्षं मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, त्यातली निम्मी हेडलाइटमध्येच गेली. उत्तर आधी देतो, कारणं मग. मेहुण्याच्या गाडीतला झेनॉन तुमच्या हॅलोजनपेक्षा खरोखरच चांगला आहे. तरीही तुमच्या गाडीत झेनॉन किट टाकू नका. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजलं की पैसे कुठे घालायचे ते तुमचं तुम्हालाच कळेल.

हॅलोजन बल्ब म्हणजे टंगस्टनची बारीक स्प्रिंग, क्वार्ट्‌झच्या छोट्या नळीत आणि थोड्या आयोडीन-ब्रोमीनच्या सोबतीत. तापलेल्या तारेवरून टंगस्टनचे कण उडत राहतात. साध्या बल्बमध्ये ते काचेवर बसतात आणि काच काळी पडते. इथे ते हॅलोजनशी संयोग पावतात आणि फिरून तारेवरच येऊन बसतात. त्यासाठी काच अडीचशे अंशांच्या वर तापलेली लागते, म्हणून तर नळी एवढी लहान. काचेला बोट लावू नका असं आम्ही ओरडतो ते यासाठीच. बोटाचा घाम आणि तेल त्या तापमानाला क्वार्ट्‌झमध्ये जळून बसतं, तिथे पांढुरका डाग पडतो आणि बल्ब लवकर जातो. गाड्यांसाठी हॅलोजन युरोपात १९६२ साली आला. एकाच बल्बात अप्पर (लांबचा उजेड) आणि डिपर (जवळचा, खाली झुकलेला उजेड) अशा दोन तारा असलेला एच४ आला १९७१ मध्ये. तुमच्या गाडीत तोच आहे.

झेनॉनमध्ये तारच नसते. दोन इलेक्ट्रोडमध्ये साधारण चार मिलिमीटरची फट असते आणि तिच्यातून विजेची ठिणगी अखंड वाहत राहते, वेल्डिंगच्या ठिणगीची धाकटी बहीण म्हणा. ती पेटवायला क्षणभर वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात. पेटली की बॅलास्ट नावाची डबी तिला ८५ व्होल्टच्या आसपास धरून ठेवते. नाव झेनॉनचं असलं तरी नेहमीचा उजेड मुख्यतः आतल्या सोडियम, स्कँडियमसारख्या धातूंच्या क्षारांचा असतो. झेनॉन वायूचं काम सुरुवातीला लगेच उजेड देण्याचं. म्हणून दिवा लावल्यावर पहिले काही क्षण रंग निळसर असतो आणि मग पांढरा स्थिरावतो. गाडीत हे पहिल्यांदा आलं १९९१ मध्ये, बीएमडब्ल्यूच्या ७ सीरिजला. आपल्याकडे २०१५ च्या मारुती बलेनोच्या वरच्या मॉडेलला होतं, २०१९ च्या टाटा हॅरिअरला होतं. आता नव्या गाड्यांत एलईडीनं त्याची जागा घेत आणली आहे.

आता दुकानदाराचे आकडे. एच४ डिपरला १००० ल्युमेन आणि अप्परला १६५० ल्युमेन देतो, वीज ५५ आणि ६० वॅट. कंपनीतून येणारा डी२एस जातीचा झेनॉन बल्ब ३५ वॅटमध्ये ३२०० ल्युमेन देतो. म्हणजे तिप्पट हा शब्द बल्बापुरता खरा आहे. पण ल्युमेन म्हणजे बल्बातून चहूकडे निघालेला एकूण उजेड. त्यातला रस्त्यावर किती पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यात किती जातो, ते बल्ब ठरवत नाही. ते बल्बामागचा रिफ्लेक्टर, म्हणजे चंदेरी वळवलेला आरसा ठरवतो.

एच४ बल्ब हातात घेऊन बघा. घरी जुना, गेलेला असेल तर तोच काढा. दोन तारा दिसतील. त्यांतल्या पुढच्या, म्हणजे डिपरच्या तारेखाली पत्र्याची एवढीशी वाटी असते. सगळी करामत त्या वाटीत आहे. ती खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग उजळतो आणि तिथून किरण खाली, रस्त्यावर उतरतात. भिंतीसमोर गाडी लावली की दिसणारी सरळ रेघ, वर अंधार आणि खाली उजेड, ती या वाटीची रेघ. आपण डावीकडून गाडी चालवतो म्हणून डावीकडे ती रेघ तिरकी वर चढते. कडेची माणसं, पाट्या, मैलाचे दगड दिसावेत आणि उजवीकडून येणाऱ्याचे डोळे वाचावेत, यासाठी. ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात गाड्या पाहिल्यात त्यांना हेडलाइटच्या काचेवर वर काळा रंग फासलेला आठवत असेल. हेतू तोच होता, उपाय ओबडधोबड.

रिफ्लेक्टरचा प्रत्येक चौरस मिलिमीटर त्या बारीक तारेच्या जागेचा हिशेब करून वळवलेला असतो. तिथे किटचा झेनॉन बल्ब बसवला की उजेडाचा उगम बदलतो. ठिणगी तारेसारखी सरळ नसते, मधे कमानीसारखी वर उचललेली असते आणि टोकांना जास्त तळपते. अप्पर-डिपरसाठी या किटमधला बल्ब चुंबकानं मागेपुढे सरकतो. काही महिन्यांत तो खड्ड्यांनी ढिला होतो आणि मधेच कुठेतरी अडकून राहतो. वाटी असलीच तर नावाला. परिणाम भिंतीवर बघायला मिळतो. रेघ पुसली जाते, वरती पांढरा धुरळा उठतो आणि बंपरच्या समोर दहा-पंधरा मीटरवर उजेडाचा डोंगर होतो.

या डोंगरानं माणूस फसतो. गाडीसमोरचा रस्ता लख्ख दिसला की दिवे भारी आहेत असं वाटतं. पण जवळचा प्रखर उजेड डोळ्याची बाहुली आकुंचित करतो आणि लांबचा अंधार आणखी गडद होतो. किट लावून गेलेले लोक पहिल्या आठवड्यात खूश असतात. पहिल्या पावसात परत येतात.

मेहुण्याच्या गाडीत हे होत नाही, कारण तिथे सगळी जोडणी ठिणगीसाठीच बनवलेली आहे. पुढे भिंगाचा प्रोजेक्टर, मधे पत्र्याचा पडदा. तो पडदा खाली पडला की अप्पर, वर आला की डिपर. बल्ब तोच, जळत राहणारा. गाडीच्या सस्पेन्शनला सेन्सर असतात आणि मागे वजन पडलं की दिवे आपोआप खाली झुकतात. युरोपच्या नियमांत २००० ल्युमेनच्या वरच्या डिपरला हे आपोआप झुकणं आणि काच धुण्याची सोय सक्तीची आहे. उगीच नाही. हिशेब करून बघा. तुमच्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २४० सेंटिमीटर धरा. मागे तिघं बसले, डिकीत आंब्याच्या पेट्या आल्या आणि मागचा भाग पाच सेंटिमीटर दबला, की दिवे दोन टक्क्यांनी वर जातात. डिपरची रेघ मुळात एकच टक्का खाली लावलेली असते. म्हणजे तुमचा डिपर आता समोरच्याच्या कपाळावर. हॅलोजनला हे कसंबसं खपतं. तिप्पट उजेडाला खपत नाही.

तुमच्या डॅशबोर्डवर, स्टिअरिंगच्या उजव्या हाताला, ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक आहे का बघा. बहुतेक गाड्यांत असतं आणि बहुतेक मालकांना ते काय आहे हे ठाऊक नसतं. त्यानं दिवे खाली झुकवता येतात. एकटे असाल तर शून्यावर, मागे भरलेली गाडी असेल तर दोनवर किंवा तीनवर. फुकटातलं काम आहे.

झेनॉनचा खरा फायदा कशात, तेही नीट समजून घ्या. तो लांबवर जास्त पोचतो असं सगळ्यांना वाटतं. डिपरवर तसं नसतं. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल आणि रेघ एक टक्का खाली असेल, तर ती रस्त्याला ६५ मीटरवर टेकते. बल्ब कुठलाही असो, भूमिती तीच. ताशी ८० च्या वेगात दीड सेकंद प्रतिक्रियेचा धरला तर तेवढ्यात गाडी ३३ मीटर जाते, पुढे कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबून आणखी चाळीसेक मीटर लागतात. बेरीज सत्तरच्या वर. म्हणजे डिपरवर ८० नं जाणारा प्रत्येक माणूस, झेनॉनवाला असो की हॅलोजनवाला, दिसतं त्याच्या पुढे पळत असतो. ओल्या रस्त्यावर तर बोलायलाच नको.

झेनॉन देतो ती रुंदी. बांबवड्याच्या पुढे ऊस सुरू होतो. गळिताच्या हंगामात रात्री अकराला ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेले. डाव्या कडेला उभी असलेली अशी ट्रॉली झेनॉनच्या रुंद उजेडात आधी नजरेत येते. घाटातल्या वळणाच्या आतली बाजू, कठड्याला चिकटून बसलेली गुरं, हे सगळं कडांच्या उजेडाचं काम. मेहुण्याच्या शेजारी बसून तुम्हाला जो फरक जाणवला तो बहुतेक हाच.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. ती २०११ ची, म्हणजे आता बरीच जुनी. तुमचा हॅलोजन जितका उजेड द्यायला बनवला होता तितका आज देतच नसणार, आणि तो परत मिळवणं किटपेक्षा स्वस्त आहे.

उजेडाची पहिली चोरी वायरिंगमध्ये होते. बऱ्याच छोट्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीपासून डॅशबोर्डमधून, स्टिअरिंगच्या दांडीवरच्या स्विचमधून फिरून बल्बापर्यंत येतो. बारीक वायर, जुने कनेक्टर, गंजलेली अर्थिंगची (बॉडीला जोडलेली) वायर. गेल्या पावसाळ्यात एक हॅचबॅक आली होती, तक्रार अगदी तुमचीच. इंजिन चालू करून, दिवे लावून मल्टीमीटर लावला. बॅटरीवर १४ व्होल्ट. बल्बाच्या कनेक्टरवर, मागून बारीक पिन खुपसून मोजले, १२.१. दोन व्होल्ट वाटेतच संपले होते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तारेच्या बल्बाचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घातानं बदलतो. ज्या १३.२ व्होल्टवर ते १००० ल्युमेन मोजलेले असतात, त्याच्या तुलनेत १२.१ वर पाव उजेड गेलेला असतो.

त्या गाडीत दोन रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारे स्विच, टाकले, एक अप्परला, एक डिपरला. बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज, जुनी वायर फक्त रिले चालू करायला, आणि दोन्ही दिव्यांची अर्थिंगची जागा घासून, वायरला नवी लग (टोकाची धातूची कडी) लावून सरळ बॉडीला. पुन्हा मोजलं तर १३.६. बल्ब तेच, त्याच कंपनीचे, तसेच ६०/५५ वॅटचे. उजेड जवळपास दीडपट. मालक वर्कशॉपच्या भिंतीसमोर उभे राहून म्हणाले, बल्ब बदलले का? मी काढलेली जुनी वायर त्यांच्या हातात दिली. रबर कडक झालेलं, आत तांबं हिरवं. एवढं मात्र आहे की व्होल्टेज वाढलं की बल्बाचं आयुष्य घटतं, त्यामुळे वर्षाकाठी बल्बाची जोडी बदलायची तयारी ठेवा. काही शेकड्यांचा प्रश्न आहे.

रिलेचं हार्नेस, म्हणजे वायरिंगचा जोडलेला संच, तयार मिळतं, पण वायर किती जाड आहे ते कापून बघा. वरून जाड रबर आणि आत चार केस, असे नमुने भरपूर आहेत. आणि रिले टाकले म्हणून १००/९० वॅटचे बल्ब लावू नका. त्याची उष्णता आजच्या प्लास्टिकच्या रिफ्लेक्टरला सोसत नाही. आतला चंदेरी मुलामा करपतो आणि एकदा करपला की हेडलाइटचं अख्खं युनिट बदलण्यावाचून इलाज नाही.

दुसरी चोरी काचेत. तिला आपण काच म्हणतो, असतं पॉलिकार्बोनेट. उन्हानं वरचा संरक्षक थर जातो आणि ते पिवळट, खडबडीत होतं. उजेड कमी होतो, शिवाय जो निघतो तो विखुरतो, म्हणजे रेघ पुन्हा पुसट. टूथपेस्टनं घासायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. पंधरा दिवस चमकतं. नीट करायचं तर ८०० पासून सुरू करून १०००, २०००, ३००० असा अधिकाधिक बारीक दाण्याचा, पाणी लावून घासायचा पॉलिशपेपर, मग पॉलिश आणि शेवटी अतिनील किरण अडवणारा थर. तो शेवटचा थर देणार का, एवढंच कारागिराला विचारा. तो वगळला तर पुढच्या उन्हाळ्यात काच पुन्हा पिवळी. आतून पिवळी किंवा धुरकट असेल, किंवा रिफ्लेक्टरच निस्तेज झाला असेल, तर घासत बसू नका, युनिटची जोडी बदला.

मग सेटिंग. सपाट जागा, टायरमध्ये बरोबर हवा, चालकाच्या जागी कुणीतरी बसलेलं, ते छोटं चाक शून्यावर. भिंतीपासून दिवा १० मीटरवर. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं आखा आणि त्याखाली १० सेंटिमीटरवर दुसरी रेघ. डिपरची सपाट कड त्या खालच्या रेघेवर यायला हवी. तुमच्या युनिटवर किंवा बॉनेटखाली टक्केवारी छापलेली असेल, ती १.२ असेल तर १२ सेंटिमीटर. कितीतरी गाड्यांत अपघाताच्या कामानंतर एक दिवा झाडावर आणि दुसरा गटारात असतो. मालक म्हणतो, उजेड कमी आहे.

आता पाऊस, कारण तुमची मूळ तक्रार तीच. ओला रस्ता आरशासारखा होतो. तुमचा उजेड तुमच्याकडे परत न येता पुढे निसटतो, म्हणून रस्ता काळा दिसतो आणि समोरच्याचे दिवे मात्र रस्त्यावरून दुप्पट डोळ्यात येतात. हे झेनॉनलाही होतं. रंगाबद्दल, पिवळा उजेड धुकं कापतो असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत पिवळे हेडलाइट सक्तीचे होते. पण धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा इतके मोठे असतात की ते सगळ्याच रंगांना जवळपास सारखं उधळतात. खरा फरक पडतो उजेड किती खालून आणि किती चपटा निघतो याचा. म्हणून आंबा घाटातल्या ढगात अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते आणि बंपरमधले फॉग लाइट मदत करतात. तुमच्या मॉडेलला फॉग लाइटची जागा आणि वायरिंग कंपनीनं सोडलेलं असेल तर ते बसवून घ्या. हॅलोजनचेच, रिफ्लेक्टरला जुळणारे.

६००० केल्विनच्या मोहात तर पडूच नका. केल्विन म्हणजे फक्त रंग. हॅलोजन ३२०० च्या आसपास, कंपनीचा झेनॉन ४३०० च्या. त्याच्या वर जसजसं जावं तसा उजेड निळा होतो आणि उपयोगाचे ल्युमेन घटतात. निळा उजेड समोरच्याच्या डोळ्याला जास्त टोचतो. निळ्या रंगाचे हॅलोजन बल्ब तर त्याहून वाया, कारण तो रंग उजेड गाळूनच मिळवलेला असतो.

कायद्याचंही एका वाक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या रचनेत असा बदल चालत नाही, आणि उद्या वायरिंगला आग लागली तर विम्याच्या सर्वेअरची पहिली नजर त्या किटवर जाते. एच४ मध्ये बसणाऱ्या एलईडी बल्बांनाही हेच सगळं लागू आहे.

राहिला मेहुण्याचा गुलाबी दिवा. झेनॉन बल्ब म्हातारा होत आला की आतले क्षार कमी होतात, रंग निळसर-गुलाबीकडे झुकतो, उजेड उतरतो, आणि मग चालता चालता विझून पुन्हा पेटायला लागतो. दोन-अडीच हजार तासांचं आयुष्य असतं, सात-आठ वर्षांत ते भरतं. बॅलास्टही बिघडलेला असू शकतो, आणि तो बल्बापेक्षा बराच महाग, म्हणून आधी खात्री करा. डावीकडचा आणि उजवीकडचा बल्ब अदलाबदल करायचा. गुलाबी रंग बल्बाबरोबर पलीकडे गेला तर दोष बल्बाचा. जागेवरच राहिला तर बॅलास्टचा किंवा वायरिंगचा. पण हे घरी करू नका. पेटतानाचा तो पंचवीस हजारांचा झटका जिवावर बेतू शकतो. मेकॅनिकलाही दिवे बंद, किल्ली काढलेली आणि थोडा वेळ थांबूनच हात घालू द्या. बल्बाच्या बुडावर लिहिलेलं नाव बघून तेच मागवा. डी१एस आणि डी३एस दिसायला भाऊ-भाऊ असले तरी पहिला ८५ व्होल्टचा, दुसरा पारा नसलेला आणि ४२ व्होल्टचा, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. बदलताना जोडीच बदला, नाहीतर एक पांढरा आणि एक पिवळट असे दोन रंगांचे दिवे घेऊन फिरावं लागेल. आणि जुना बल्ब फोडू नका. डी१ आणि डी२ जातीत पारा असतो. वर्कशॉपमध्ये परत द्या.